स्मारकदर्शनाची नवी रीत

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी लागली की सुशिक्षित कुटुंबांत 'यंदा कोठे जावयाचे?' हा प्रश्न निघतो, आणि अलीकडे आमच्या खानदेशात त्याचे उत्तर वारंवार एकच येते: केवडिया. नंदुरबार जिल्ह्यातील लोणखेडा हे गाव उदाहरणादाखल घ्या. शहाद्याला अगदी लागून असलेले, शाळा-महाविद्यालयांच्या योगाने नावारूपास आलेले हे गाव. शिक्षक, बागायतदार, वकील, नोकरदार अशा मंडळींची येथे व आसपास वस्ती आहे. येथून पहाटे गाडी काढावी आणि तळोदे, अक्कलकुवा, सागबारा, देडियापाडा, राजपिपळा असे एकामागून एक गाव मागे टाकीत भर दुपार होण्यापूर्वी नर्मदेच्या काठी जाऊन उभे राहावे, इतके हे ठिकाण जवळ. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी तेथे सरदार वल्लभभाई पटेल यांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचे अनावरण झाले, आणि तेव्हापासून जगातील सर्वांत उंच पुतळा आपल्या मुलांस दाखविला नाही तर पालकाच्या कर्तव्यात काही न्यून राहिले, असे वाटू लागले आहे.

कुटुंबांनी केवडियास जाऊ नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. सरदारांसारख्या पुरुषाचे स्मारक पाहावयास मुलांना नेणे हे स्तुत्यच होय. शिवाय तो पुतळा ज्यांच्या कल्पनेतून उतरला ते शिल्पकार राम सुतार यांचा जन्म १९२५ साली धुळे जिल्ह्यातील गोंदूर या गावी झाला. तेव्हा खानदेशी माणसाने तेथे चार घटका अभिमानाने मान वर करून पाहिले तर त्यास दोष कोण देईल? आमचा आक्षेप जाण्यावर नसून जाण्याच्या रीतीवर आहे. स्मारक या शब्दातच स्मरण आहे. जे पाहून कोणाचे काही स्मरले नाही, ते कितीही उंच असले तरी पाहणाऱ्यापुरते ते स्मारक झालेच नाही.

ही नवी रीत कशी असते ती वाचकांस सांगावयास नको. तिकिटे आधीच काढून ठेवलेली असतात. उद्वाहकातून पुतळ्याच्या छातीच्या उंचीवरील सज्जात जावे, काचेतून खाली पाहावे, सर्वांनी मिळून छायाचित्र घ्यावे, आणि उतरून फुलांच्या बागेकडे, तेथून प्राणिसंग्रहालयाकडे, तेथून नौकाविहाराकडे धाव घ्यावी. सायंकाळी रंगीत प्रकाशाचा खेळ पाहून जेवावे व निजावे. सारा दिवस हिशेबात बसविलेला असतो. एकच गोष्ट त्या हिशेबात नसते, ती म्हणजे ज्यांच्या नावाने हा सर्व थाट आहे त्या माणसाविषयी दहा मिनिटे बोलणे. परतलेल्या मुलास विचारा, पुतळा किती उंच? उत्तर तत्काळ येईल. अमेरिकेतील स्वातंत्र्यदेवतेहून तो किती मोठा, हेही तो सांगेल. परंतु वल्लभभाईंस 'सरदार' का म्हणू लागले, असे विचारा, आणि मुलाकडून ती दृष्टी त्याच्या वडिलांकडे वळवा; मग जी शांतता पसरते तीच आमच्या या लेखाचे कारण आहे.

ते उत्तर लोणखेड्याच्या शेतकरी कुटुंबास तर सहज समजावे असे आहे. १९२८ साली सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्यात सरकारने शेतसारा २२ टक्क्यांनी वाढविला. शेतकऱ्यांनी तो भरण्याचे नाकारले. गुरे जप्त झाली, भांडी जप्त झाली, जमिनींचे लिलाव पुकारले गेले. तरी लोक हटले नाहीत. अखेरीस सरकारला चौकशी नेमावी लागली, तीत वाढ सहा टक्क्यांच्या आसपासच न्याय्य ठरली, आणि जप्त जमिनी परत करण्याची व्यवस्था झाली. या लढ्याचे नेतृत्व ज्याने केले त्यास लोकांनी सरदार म्हटले. म्हणजे ही पदवी दिली ती कसणाऱ्यांनी, आणि दिली ती जमीन राखून दिल्याबद्दल. हे बारडोली गाव सुरत-भुसावळ लोहमार्गावर, नंदुरबारहून जाणाऱ्या गाडीच्या वाटेवरच आहे, आणि तेथील स्वराज आश्रमात त्या लढ्याच्या खुणा जपलेल्या आहेत. पण सुटीच्या बेतात बारडोलीचे नाव आमच्या तरी ऐकिवात नाही. तेथे उद्वाहक नाही, हेच त्याचे कारण असावे.

सरदारांचे दुसरे मोठे कार्य संस्थानांच्या विलीनीकरणाचे. आणि ते शिकविण्यास तर लोणखेडा ते केवडिया या रस्त्याहून उत्तम पाठशाळा नाही. वाटेत लागणारे राजपिपळा ही एका संस्थानाची राजधानी होती आणि १९४८ साली ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. ज्या रस्त्याने आज आपण बिनदिक्कत जातो, तेथे एका राजाची हद्द लागत असे व ती ओलांडली की कायदा बदलत असे, एवढे जरी राजपिपळ्याच्या चौकात मुलास सांगितले, तरी 'एकता' या शब्दास त्याच्या मनात काही अर्थ येईल. एरवी तो शब्द पाटीवरचाच राहतो.

आता आम्ही अधिक अवघड गोष्टीकडे वळतो. पुतळ्याच्या सज्जातून समोर सरदार सरोवराची भिंत दिसते. पाहुणे तिचेही छायाचित्र घेतात. त्या भिंतीमागे जे पाणी पसरले आहे त्याखाली काय आहे, हे निदान नंदुरबार जिल्ह्यातून आलेल्या पाहुण्यास ठाऊक असावयास हवे. कारण त्याखाली त्याच्याच जिल्ह्याचा एक भाग आहे. या धरणामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली, आणि ती सर्वच्या सर्व अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतील, म्हणजे भिल्ल-पावरा आदिवासींची. पहिली झळ मणिबेलीस लागली. धरणाच्या अगदी पाठीशी असलेल्या या गावातील घरांत १९९३ च्या पावसाळ्यात पाणी शिरले. त्याच वर्षी जागतिक बँकेचा पैसा या प्रकल्पातून थांबला, आणि पुढील वर्षी मोठ्या धरणांस बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी करणारे निवेदन जगातील अनेक संस्थांनी काढले तेव्हा त्यास नाव दिले ते मणिबेलीचे. सातासमुद्रांपलीकडे जे नाव माहीत झाले ते शहाद्याच्या पलीकडील शाळेत शिकणाऱ्या मुलास ठाऊक नसावे, याला काय म्हणावे? नर्मदेची परिक्रमा करणारे पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या दर्शनास थांबत, ते शूलपाणेश्वराचे जुने देवालयही याच पाण्यात गेले. देवाला दुसरीकडे नवे देऊळ मिळाले. माणसांची गोष्ट इतक्या लवकर मिटली नाही.

विस्थापितांपैकी कित्येक कुटुंबांस तळोद्याच्या जंगलातील मोकळी केलेली जमीन देण्यात आली. शहादा, तळोदा व अक्कलकुवा या तालुक्यांत त्यांच्या वसाहती आहेत. म्हणजे लोणखेड्याहून केवडियास जाणारे कुटुंब ज्या मुलखातून जाते, तेथेच ती माणसे राहतात ज्यांनी आपले घर, शेत, देव आणि स्मशान या धरणास दिले. केवडियाचीही कथा निराळी नाही. १९६१ साली धरणाच्या कामकाजासाठी केवडिया, कोठी, वाघडिया, लिंबडी, नवागाम आणि गोरा या सहा आदिवासी गावांची जमीन घेण्यात आली. पुढे स्मारकाभोवतीच्या पर्यटनाचा विस्तार या गावांच्या परिसरातच झाला. बारडोलीचा शेतकरी आपली जमीन राखू शकला म्हणून वल्लभभाई सरदार झाले, आणि सरदारांच्या नावाच्या धरणासाठी मणिबेलीच्या शेतकऱ्यास आपली जमीन सोडावी लागली. या दोन वाक्यांत जो विरोध आहे तो मुलापुढे मांडावयास आपण भितो. आमच्या मते हीच भीती आपल्या पर्यटनाचे खरे कारण आहे. बागेत आणि नौकेत वेळ घालविला की सज्जात फार वेळ उभे राहावे लागत नाही.

येथे कोणी संतापून विचारील, धरण नको होते काय? गुजरातेतील तहानलेल्या सौराष्ट्रास आणि कच्छास पाणी मिळू नये काय? आम्ही त्या वादाचा निवाडा येथे करीत नाही. पाणी मिळाले, वीज मिळाली, हे निर्विवाद आहे. जललवादाच्या निवाड्याप्रमाणे या प्रकल्पाच्या विजेतील २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. म्हणजे लाभ झालेल्यांत आपणही आलो. पण लाभ मान्य केला म्हणजे ऋण फिटत नाही, उलट तेथूनच ते सुरू होते. ज्याच्या घरी दिवा लागला त्याने कोणाच्या घरचा विझला हे विचारावे, एवढी रीतभात आपल्या घरांत आहे. शेजारी मृत्यू झाला असता आपण सण साधेपणाने करतो. मग शेजारचे गावच्या गाव बुडाले असता त्याच्या काठी जाऊन आपण टाळ्या पिटाव्यात, आणि मुलांस त्याचा पत्ताही लागू देऊ नये, हे कोणत्या संस्काराचे फळ?

दुसरा पक्ष असा की, सुटी ही विश्रांतीसाठी आणि आनंदासाठी असते. कोवळ्या मुलांवर दुःखाचा भार कशाला? या युक्तिवादात दयाळूपणाचा भास आहे, परंतु तो टिकणारा नाही. हेच पालक निजताना मुलांस अभिमन्यूची कथा सांगतात, श्रावणबाळाची सांगतात, आणि मुले रडली तर त्यांस समाधान वाटते की पोराचे मन हळवे आहे. चक्रव्यूहात मारल्या गेलेल्या कुमाराचे दुःख जर मुलास सोसते, तर नंदुरबारच्या शिरीषकुमाराचे का सोसू नये?

नंदुरबारचे नाव निघाले ते बरे झाले. लोणखेड्याहून प्रकाशे येथे तापी ओलांडली की तासाभरात नंदुरबार येते. मिरचीच्या व्यापारासाठी आणि कापडचोपडासाठी आपण तेथे वर्षातून दहा वेळा जातो. त्या गावी ९ सप्टेंबर १९४२ रोजी, गांधीजींना अटक झाल्यास बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण मारले गेले. शिरीषकुमार १९२६ च्या डिसेंबरात जन्मलेला. म्हणजे सोळावे वर्षही त्याने पुरे केले नव्हते. गुजराती बोलणाऱ्या घरातील हा मुलगा मराठी मुलखात, साऱ्या हिंदुस्थानच्या निशाणासाठी पडला. एकतेचा याहून चोख धडा कोणता? माणिक चौकात त्यांचे स्मारक आहे. बाजाराच्या पिशव्या हातात घेऊन त्याच्या शेजारून जाणाऱ्या किती पालकांनी तेथे थांबून मुलास ही पाच नावे वाचावयास सांगितली असतील? पाच नावे वाचावयास अर्धे मिनिटही लागत नाही, आणि त्यास तिकीट तर मुळीच नाही.

आणि रावलापाणी? हे नाव वाचून आमच्या वाचकांपैकी किती जण थबकले असतील, याचा अंदाज आम्हांस आहे. रावलापाणी हे तळोदे तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात. १९३७-३८ च्या सुमारास मोरवडचे संत गुलाम महाराज यांनी भिल्ल समाजात 'आप' धर्माची चळवळ उभी केली. दारू सोडा, मांसाहार सोडा, स्वच्छ राहा, आणि कोणीही भेटला तरी त्यास आदराने 'आप' म्हणा, अशी तिची शिकवण. लक्षावधी नव्हे तरी हजारो माणसांनी दारू सोडली, आणि ज्यांच्या धंद्यास व सत्तेस त्यामुळे धक्का बसला त्यांस ही साधी शिकवण भयंकर वाटू लागली. १९३८ साली गुलाम महाराज निवर्तले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे चालविले. २ मार्च १९४३ रोजी त्यांच्या अनुयायांवर रावलापाणीस गोळीबार झाला. पंधरा जण तेथे पडले असे सांगितले जाते, आणि त्या खडकांवर गोळ्यांच्या खुणा आजही दाखविल्या जातात.

केवडियाचा रस्ता तळोद्यावरूनच जातो, हे पुन्हा एकवार लक्षात घ्यावे. आमच्या मुलांची भिल्लांशी ओळख आहे ती कशी? केळीचे घड उतरविणारा, ऊस तोडणारा, अंगणाबाहेर मजुरीची वाट पाहत उभा राहणारा माणूस, एवढीच. त्यास घरातील लहान मूलही एकेरी संबोधते आणि कोणी त्यास टोकीत नाही. त्याच माणसाच्या आजोबांनी साऱ्यांस 'आप' म्हणावे या शिकवणीसाठी गोळ्या खाल्ल्या, हे त्या मुलास कळले तर त्याची जीभ अडखळल्यावाचून राहील काय? राष्ट्राविषयीचे प्रेम शिकविण्यासाठी मुलास इतक्या दूर नेण्याची गरज नाही. अंगणाबाहेर उभ्या असलेल्या माणसास 'अहो' म्हणावयास शिकविले तरी आरंभ होतो. आणि ते न शिकवता जगातील सर्व पुतळे दाखविले तरी व्यर्थ आहे.

तिसरा आक्षेप पुष्कळ लोक मनात ठेवतात, पण आम्ही तो उघड मांडतो. ही लहान स्मारके पाहावयाची म्हणजे पाहावयाचे काय? एक खांब, एक चौथरा, दगडावर काही अक्षरे, भोवती धूळ. येथे आम्ही वाचकांस दिल्लीच्या राजघाटाची आठवण देतो. काळ्या संगमरवराचा तो चौथरा माणसाच्या कमरेइतकाही उंच नाही, आणि तेथे जोडे काढून जाणाऱ्यांस ही उणीव कधी भासली नाही. अमेरिकेच्या राजधानीत व्हिएतनामच्या युद्धात पडलेल्यांचे स्मारक १९८२ साली झाले. ती काळ्या दगडाची, जमिनीत उतरत गेलेली भिंत आहे आणि तिच्यावर ५८ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. तेथे येणारी कुटुंबे आपल्या माणसाचे नाव शोधतात, त्यावर बोटे फिरवितात, आणि कित्येक जण ते कागदावर उतरवून घरी नेतात. उंचीचा तेथे प्रश्नच नाही. पाहावयास काय आहे, असे जो विचारतो त्याने काही माहिती सोबत आणलेली नसते. जो माहिती घेऊन जातो त्यास खडकावरची खूणही पुरते. म्हणून दोष त्या चौथऱ्याचा नसून रिकाम्या हाताने येणाराचा आहे.

सरकारने या स्थळांची नीट निगा राखावी, तेथे माहितीचे फलक लावावेत, रस्ते करावेत, हे सर्व योग्यच आहे, आणि ती मागणी आम्हीही करतो. ज्या राज्यव्यवस्थेस एका पुतळ्यासाठी सुमारे तीन हजार कोटी रुपये उभे करता येतात, तिला रावलापाणीच्या वाटेस मुरूम टाकणे जड जाऊ नये. परंतु सुशिक्षितांनी सर्व भार सरकारवर टाकून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. सरकार दगड उभा करू शकते. त्या दगडापाशी मुलाचा हात धरून 'येथे काय घडले ते ऐक' असे सांगणे हे सरकारचे काम नव्हे, ते आईबापांचे व आजीआजोबांचे आहे. खानदेशास याचा धडा नवा नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. बोलणारा बोलला आणि ऐकणाऱ्याने टिपून ठेवले, म्हणून ते आज आपल्यापाशी आहे. राष्ट्राची स्मृती अशीच राहते; ती कोणाच्या तरी तोंडून निघून कोणाच्या तरी कानात पडावी लागते.

म्हणून येत्या सुटीत जे केवडियास निघतील त्यांस आमचे सांगणे थोडके आहे. अवश्य जावे. पण निघण्यापूर्वी एका रविवारी माणिक चौकात जाऊन ती पाच नावे मुलांकडून मोठ्याने वाचवून घ्यावीत. जाताना तळोद्यास गाडी वळवावी आणि रावलापाणीचा खडक दाखवावा. वाटेत विस्थापितांची वसाहत लागली तर तेथे उतरून चार माणसांशी बोलावे, त्यांचे मूळ गाव कोणते ते विचारावे, आणि त्यांच्यापुढे छायाचित्राचे यंत्र धरू नये. राजपिपळ्यास संस्थानांची व सरदारांची गोष्ट सांगावी. मग सज्जात उभे राहून धरणाच्या भिंतीकडे बोट करून म्हणावे: यापलीकडे आपल्या जिल्ह्यातील मणिबेली होती. मुलगा विचारील, ती माणसे कोठे गेली? त्याचे उत्तर आपणांस देता आले पाहिजे, कारण ती माणसे त्याला वाटेतच भेटलेली असतील. इतके ज्यांस जमणार नाही त्यांनी बागेत खुशाल फिरावे, नौकेत बसावे, दिव्यांचा खेळ पाहावा. फक्त त्या दिवसास त्यांनी सहल म्हणावे. स्मारकाचे दर्शन घेतले असे सांगू नये.